आपण परत आल्यावरही काम चालू राहावं: विद्यापीठ ग्रंथालयाच्या डिजिटल प्रशिक्षण आणि सल्लासेवेची बांधणी

काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या एका वाचनालयात गेलो होतो. शंभरी ओलांडलेली संस्था. कार्यवाहांनी कपाटाचं कुलूप काढलं आणि फडक्यात गुंडाळलेली हार्ड डिस्क माझ्या हातात ठेवली. "सर, आमची सगळी जुनी पुस्तकं यात आहेत." देणगी गोळा करून त्यांनी एका कंत्राटदाराकडून स्कॅनिंग करून घेतलं होतं. डिस्क जोडली. आत 'न्यू फोल्डर', 'न्यू फोल्डर दोन', 'न्यू फोल्डर तीन' अशी रांग, आणि प्रत्येकात स्कॅनरने स्वतःच क्रमांक टाकलेली शेकडो चित्रं. कोणतं पान कोणत्या पुस्तकाचं, ते उघडून वाचल्याशिवाय कळायला मार्ग नव्हता. मूळ पुस्तकांच्या शिवणी कापून पानं सुटी केलेली होती आणि ते गठ्ठे माळ्यावर पडले होते.

फाइलला नाव कसं द्यायचं, शिवण न कापता स्कॅन कसं करायचं, हे आमच्या ग्रंथालयातल्या चार जणांना तोंडपाठ होतं. आम्ही त्या गावापासून दीड तासावर बसत होतो. त्यांनी विचारलं नाही, कारण विद्यापीठाला असं काही विचारता येतं हेच त्यांना माहीत नव्हतं. आणि आम्हीही कधी सांगितलं नव्हतं.

हा लेख विद्यापीठांच्या ग्रंथालयांत, म्हणजे आता ज्यांना ज्ञानस्रोत केंद्र म्हणतात तिथे, काम करणाऱ्या सहकाऱ्यांसाठी आहे. आपल्याकडचं डिजिटल कौशल्य बाहेरच्या वाचनालयांना, महाविद्यालयांना, संस्थांना प्रशिक्षण आणि सल्ल्याच्या रूपाने कसं द्यायचं, ते मी केलेल्या आणि चुकलेल्या कामांवरून सांगतो.

आधी एक गोष्ट मनात पक्की असू द्या. आपण शहाणे आणि ते अडाणी, असा हा मामला नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ चं. रत्नागिरीचं वाचनालय १८२८ चं आहे, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं. विद्यापीठं सुरू व्हायच्या आधीपासून ही माणसं पुस्तकं सांभाळत आली आहेत. आपल्या कपाटांत नसलेली पुस्तकं त्यांच्याकडे निघतात.

काय देणार, ते आधी घरात ठरवा

पहिली बैठक आपल्याच माणसांची. प्रत्येकाने स्वतःच्या हाताने काय केलं आहे, तेवढंच कागदावर लिहायचं. कोहा, म्हणजे ग्रंथालयाची तालिका आणि देवघेव चालवणारी आज्ञावली, बसवलं आहे की फक्त वापरलं आहे? डिजिटल संग्रह महाजालावर ठेवणारं डीस्पेस अद्ययावत करताना अडकलात तेव्हा कोणी सोडवलं? शोधगंगेसाठी, म्हणजे विद्यापीठांच्या पीएचडी प्रबंधांच्या महाजालावरच्या संग्रहासाठी, प्रबंध चढवणाऱ्या सहकाऱ्याला वर्णननोंदींचं (लेखक, विषय, वर्ष अशा माहितीचं) जे बारीक ज्ञान असतं, ते अनेकदा त्यालाही कौशल्य वाटत नाही. ते लिहून काढा. जे आपण केलेलं नाही, ते सेवांच्या यादीत घालू नका.

सुरुवात तीनच सेवांनी करावी असं माझं मत आहे: संगणकीकृत तालिका (पुस्तकांची सूची), जुन्या ग्रंथांचं डिजिटायझेशन, आणि डिजिटल संग्रहाची देखभाल. संकेतस्थळं, मोबाइल ॲप, वाचनालयाचं समाजमाध्यम वगैरे मागण्या येतील. त्यांना नम्रपणे नाही म्हणा.

परवानगीचं काम कंटाळवाणं आहे, पण ते आधीच उरका. सल्लासेवेच्या उत्पन्नाची वाटणी, कर्मचाऱ्यांना बाहेरगावी पाठवण्याचे आदेश, प्रवासभत्ता, जीएसटी लागतो का आणि पावती कोणाच्या नावे, हे वित्त विभागाकडून लेखी घ्या. तोंडी होकारावर मी एकदा तीन गावं फिरून आलो आणि बिलं आठ महिने टेबलावर पडून राहिली.

दर ठरवताना एकच मोजमाप ठेवा: माणूस-दिवस. एक माणूस किती दिवस जाणार, त्याला तयारीला किती दिवस लागणार. खासगी महाविद्यालयं, सहकारी बँका, मोठ्या शिक्षणसंस्था यांना पूर्ण दर लावा. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. 'क' आणि 'ड' वर्गाच्या वाचनालयात ग्रंथपालाचा पगारच ओढाताणीने निघतो. त्यांच्याकडून प्रवासखर्चाच्या पलीकडे काही घेऊ नये. पहिल्या गटाच्या फीमधून दुसऱ्या गटाचं काम होतं, हे विद्यापीठाला आकड्यांनी दाखवून द्या.

पहिली भेट: लॅपटॉप पिशवीतच राहू द्या

पहिल्या भेटीत काही बसवायचं नाही, काही शिकवायचं नाही. अर्धा दिवस काढायचा आणि पाहायचं.

सगळ्यात आधी दाखलनोंद वही मागा, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देऊन ज्यात नोंदतात ती वही. वाचनालयाचा खरा इतिहास तिच्यात असतो. क्रमांक सलग आहेत का, मधे वही बदलताना पुन्हा एकपासून सुरुवात झाली आहे का, बाद केलेल्या पुस्तकांवर लाल शाईची रेघ आहे का, हे पाहा. दोन पुस्तकांना एकच दाखल क्रमांक असेल, तर तो गोंधळ कोहात जसाच्या तसा उतरणार आणि बारकोड छापल्यावर कळणार. मग कपाटाकडे जा, कोणतीही वीस पुस्तकं काढा आणि वहीशी ताडून पाहा. किती जुळली यावरून पुढच्या सहा महिन्यांचा अंदाज येतो.

दुसरं, पानं हातात घ्या. कोपरा हलकेच दुमडला आणि तुटला, तर तो कागद स्कॅनरवर दाबता येणार नाही. कसर लागली आहे का, वाळवीची माती आहे का, भिंतीला ओल आहे का, ते बघा. ओल असेल तर सल्ल्याच्या अहवालात पहिलं वाक्य ओलीवर लिहा, स्कॅनरवर नाही.

तिसरं, वीज. दिवसातून किती वेळा जाते, यूपीएस आहे का, इंटरनेट कोणाच्या नावावर आहे आणि बिल कोण भरतं.

चौथं, आणि माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचं: संगणकाला हात कोण लावतं? कार्यवाह उत्साही असतात, अध्यक्ष पाठिंबा देतात, पण रोज संध्याकाळी पाच ते आठ देवघेवीच्या टेबलावर एखादी ताई बसलेली असते. ती बोलत नाही, कारण मंडळी बोलत असतात. तिच्याजवळ खुर्ची ओढून बसा. "ताई, एखादं पुस्तक शोधायचं झालं तर तुम्ही कसं शोधता?" असं विचारा. एकीने मला सांगितलं होतं, "नाव नाही आठवलं तरी रंग आठवतो, आणि कोणी नेलं होतं ते आठवतं." आपली तालिका तिच्या या आठवणीच्या मदतीला आली पाहिजे, तिच्या डोक्यावर नवं ओझं म्हणून नाही.

परत आल्यावर दोन पानांचा अहवाल द्या, मराठीत. त्यात तीनच गोष्टी: काय आहे, आधी काय करावं, काय आत्ता करू नये. कोहाची गोष्ट निघते तेव्हा 'मोफत' हा शब्द मंडळींच्या मनात घर करतो, म्हणून तिथे खुलासा हवा. ही आज्ञावली न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालय संस्थेसाठी तयार झाली आणि २००० च्या सुरुवातीला वापरात आली. माओरी भाषेत 'कोहा' म्हणजे भेट. परवान्याला पैसे पडत नाहीत हे खरं, पण संगणक, यूपीएस, बारकोडचे कागद आणि मुख्य म्हणजे नोंदी करणाऱ्या माणसाचे दिवस, यांना पैसे पडतात. पाच हजार पुस्तकं असतील आणि एक माणूस दिवसाला चाळीस नीट नोंदी करत असेल, तर १२५ कामाचे दिवस झाले. हा हिशेब कार्यकारी मंडळासमोर फळ्यावर करून दाखवा.

प्रशिक्षण त्यांच्या जागी, त्यांच्याच पुस्तकांवर

आमची पहिली कार्यशाळा विद्यापीठात झाली. चाळीस जण, वातानुकूलित सभागृह, पडद्यावर सादरीकरण, प्रमाणपत्रं, सामुदायिक छायाचित्र. तीन महिन्यांनी मी एकेकाला फोन केले. एकानेही काम सुरू केलं नव्हतं. दोष त्यांचा नव्हता. आम्ही इंग्रजी पुस्तकांच्या नोंदी करून दाखवल्या होत्या, आणि त्यांच्याकडे होती फाटक्या शीर्षकपानांची मराठी पुस्तकं.

आता आम्ही एका वेळी जास्तीत जास्त तीन वाचनालयं घेतो, प्रत्येकातून दोन माणसं. दोन हवीतच, एकच शिकली आणि तिने नोकरी सोडली की सगळं संपलं. एकूण चार दिवस, पण सलग नाही. दोन दिवस, मग पंधरा दिवसांची सुटी आणि शंभर पुस्तकांचा गृहपाठ, मग पुन्हा दोन दिवस. दुसऱ्या फेरीत आम्ही काही नवं शिकवत नाही. त्यांनी केलेल्या शंभर नोंदी उघडतो आणि चुका एकत्र सोडवतो. खरं शिक्षण तेव्हा होतं. माउस शिकणाऱ्याच्या हातात असतो, आपल्या हातात नाही, हा नियम आमच्याकडे कडक आहे.

मराठी तालिकेतले खड्डे

इंग्रजीत तयार झालेल्या प्रशिक्षण पुस्तिकांत हे कुठेच मिळत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

'ॲड.' हा शब्द तीन तऱ्हांनी टाइप होतो. एक सलग 'ॲ', दुसरा साध्या 'अ'वर चंद्र देऊन केलेला, तिसरा 'ऍ'. पहिले दोन डोळ्यांना सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ती वेगळी अक्षरं. सलग 'ॲ' युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक संकेतात, २००८ साली आला, त्यामुळे जुन्या कळफलकांवर तो नव्हताच. एका वाचनालयात ॲकॅडमीची पुस्तकं शोधली तर निम्मीच दिसत होती. सकाळची ताई एका कळफलकावर टाइप करायची, संध्याकाळचे दादा दुसऱ्यावर. पहिल्याच दिवशी एक कळफलक ठरवा आणि तो दोन्ही पाळ्यांना लावून द्या. 'दुसऱ्या'मधला र सुद्धा असाच दोन तऱ्हांनी उमटतो; तोही त्याच दिवशी ठरवून टाका.

जुनी यादी श्रीलिपीसारख्या युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल, तर ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागते. परिवर्तक वापरा, पण त्यानंतर दर शंभरातल्या पाच नोंदी माणसाने वाचाव्यात. रफार आणि पहिली वेलांटी जागा सोडून पळतात.

मग अनुस्वार. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी व्युत्पत्तीचे अनुस्वार गेले. त्याआधीच्या पुस्तकांवर 'नांव', 'कांहीं', 'आंत' असं छापलेलं असतं. आजचा वाचक 'नाव' टाइप करणार आणि त्याला ते पुस्तक सापडणार नाही. शीर्षक छापलंय तसंच मार्क या नोंदपद्धतीतल्या २४५ च्या (मुख्य शीर्षकाच्या) रकान्यात उतरवा आणि आजच्या लेखनातलं रूप २४६ (पर्यायी शीर्षक) मध्ये द्या. दुरुस्त करून लिहू नका. छापलेलं शीर्षक हा पुरावा आहे.

तसंच शकाचं. शीर्षकपानावर 'शके १८१५' असतं आणि नोंद करणारी मुलगी प्रकाशनवर्षात १८१५ टाकते. पुस्तक ७८ वर्षं मागे जातं. शकात ७८ मिळवा. महिना पौष ते फाल्गुनातला, म्हणजे जानेवारी ते मार्चमधला असेल तर ७९. महिना दिलाच नसेल तर १८९३-९४ असं लिहा आणि मूळ शक टीपेत ठेवा. आम्ही हे कोष्टक एका पानावर छापून टेबलाच्या काचेखाली ठेवायला देतो.

बाहेरून तयार नोंदी ओढून घेण्याची सोय कोहात आहे, पण तिच्यावर फार भिस्त ठेवू नका. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे मराठी पुस्तकांच्या नोंदी भरपूर आहेत, मात्र त्या रोमन लिपीत, खुणांसहित. त्या घेतल्या तर गावातल्या वाचकाला आपलंच पुस्तक परकं दिसतं.

आणि कोहा बसवणाऱ्यांसाठी एक सूचना: झेब्रा या शोधयंत्रणेची अनुक्रमणी आयसीयू पद्धतीवर (युनिकोडमधल्या लिप्या नीट हाताळणाऱ्या) ठेवली नाही, तर देवनागरीतला शोध धड चालत नाही. हे बसवतानाच करा. नंतर सगळी अनुक्रमणी पुन्हा चालवावी लागते.

स्कॅनरच्या आधी स्वामित्वहक्क

कोणतं पुस्तक स्कॅन करून खुलं ठेवता येतं, हा प्रश्न प्रत्येक गावात येतो. १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं हक्क चालतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ पासून खुलं आहे. वि. स. खांडेकर १९७६ साली गेले. त्यांची पुस्तकं २०३६ संपेपर्यंत खुली ठेवता येणार नाहीत, मग ती बाजारात मिळोत वा न मिळोत. 'जुनं आहे, कोण विचारतंय' हे उत्तर आपण सल्लागार म्हणून कधीही देऊ नये.

पुस्तक अनुवादित असेल तर अनुवादकाचं मृत्युवर्ष वेगळं बघायचं. जुन्या मासिकात प्रत्येक लेखाचा लेखक वेगळा असतो, म्हणून मासिकं सगळ्यात शेवटी घ्या. हक्क चालू असलं तरी हातात काहीच नाही असं नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कलम ५२ प्रमाणे, नफ्यासाठी न चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःकडे असलेल्या छापील पुस्तकाची जतनासाठी डिजिटल प्रत ठेवता येते. ती आत ठेवायची, महाजालावर नाही. यादीत 'खुलं', 'फक्त जतन' आणि 'शोध बाकी' असे तीन शेरे करा. आम्ही तिसऱ्या शेऱ्याच्या पुस्तकाला स्कॅनरजवळ येऊ देत नाही.

स्कॅनिंग आणि साठवण

मजकुराच्या पानाला ३०० डीपीआय (दर इंचात तितके ठिपके) किमान, बारीक टाइप किंवा पुसट छपाई असेल तर ४००. मूळ प्रत टिफमध्ये (चित्राचा दर्जा जपणारा फाइलप्रकार), वाचकांसाठी पीडीएफ. पुस्तक पूर्ण उघडत नसेल तर वरून छायाचित्र घेणारा स्कॅनर आणि व्ही आकाराची गादी वापरा. शिवण कापायची नाही, कोणी कितीही घाई केली तरी नाही.

जागेचा हिशेब मंडळाला समजेल असा मांडा. साडेपाच बाय साडेआठ इंचांचं पान ३०० डीपीआयला रंगीत घेतलं तर दाबण्याआधी सुमारे साडेबारा एमबी होतं. दोनशे पानांचं पुस्तक अडीच जीबी. हजार पुस्तकं म्हणजे अडीच टीबी, आणि तीन प्रती ठेवायच्या तर साडेसात. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक गावाबाहेर. गावाबाहेरची प्रत विद्यापीठाने सांभाळावी. आपण देऊ शकतो अशी ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाची मदत आहे.

फाइलच्या नावात अक्षरं नकोत, आकडेच: दाखल क्रमांक सहा आकडी, आडवी रेघ, पान चार आकडी. ००४३१७-००१२ म्हणजे ४३१७ व्या पुस्तकाचं बारावं पान. डिस्क हरवली, यादी हरवली, तरी फाइल स्वतःची ओळख सांगते.

स्कॅन केलेल्या चित्रातला मजकूर ओळखण्यासाठी टेसरॅक्ट ही आज्ञावली आहे, मोफत आहे, मराठी वाचतं. आधुनिक छपाईवर चांगलं चालतं. खिळ्यांच्या जुन्या छपाईत शाई तुटलेली असते, जोडाक्षरं चिकटतात, तिथे चुका फार. शोधापुरता हा मजकूर ठेवा. तोच ग्रंथ म्हणून वाचकापुढे ठेवू नका. वीस पानं नमुन्याला चालवून आधी दाखवा, म्हणजे अपेक्षा जमिनीवर राहते.

खुल्या झालेल्या पुस्तकांसाठी प्रत्येक वाचनालयाने स्वतंत्र डीस्पेस चालवावं असं मला वाटत नाही. तो सर्व्हर सांभाळणं त्यांच्या आवाक्याबाहेरचं आहे. विद्यापीठाच्या सर्व्हरवर त्यांच्या नावाचा स्वतंत्र विभाग उघडून द्या, वर त्यांचं बोधचिन्ह, प्रत्येक पुस्तकावर त्यांचा दाखल क्रमांक. पुण्यात गोखले इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयाने जुना संग्रह डीस्पेसवर खुला केला, त्याचा उपयोग देशभरच्या अभ्यासकांना होतो. अशी सोय गावातल्या वाचनालयालाही मिळायला हवी.

निघताना काय ठेवून यायचं

एक वही ठेवा, कागदाची. पहिल्या पानावर सर्व्हर चालू आणि बंद कसा करायचा, दुसऱ्यावर बॅकअप, तिसऱ्यावर वीज गेल्यावर काय करायचं. वही ताईंच्या अक्षरात हवी, आपल्या नाही. त्यांनी लिहिलं की त्यांना कळलं. पासवर्ड बंद पाकिटात, संस्थेच्या तिजोरीत. सगळी खाती संस्थेच्या ईमेलवर, आपल्या एखाद्या सहकाऱ्याच्या नाही. सभासदांची नावं, फोन क्रमांक आपल्या पेनड्राइव्हमध्ये राहिले असतील तर तिथल्या तिथे पुसा. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहेच, पण त्याआधी लोकांचा विश्वास आहे.

निघण्यापूर्वी एक परीक्षा घ्या. बॅकअपमधून दुसऱ्या संगणकावर सगळी तालिका परत उभी करायची, आणि ती त्यांनी करायची. आपण मागे खुर्चीवर हाताची घडी घालून बसायचं. एका ठिकाणी यात तीन तास गेले, मधे दोनदा चुकलं, माझे हात शिवशिवत होते. शेवटी पडद्यावर पहिलं पुस्तक उमटलं तेव्हा ताईंनी वही उघडली आणि चुकलेल्या दोन्ही पायऱ्या स्वतःच दुरुस्त करून लिहिल्या.

त्यानंतर पहिले तीन महिने दर पंधरा दिवसांनी फोन, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी. सहाव्या महिन्यात प्रत्यक्ष भेट. त्या भेटीत चार गोष्टी तपासायच्या: शेवटच्या बॅकअपची तारीख, गेल्या आठवड्यात झालेल्या नोंदींची संख्या, कोणतीही दहा पुस्तकं शोधून किती सापडतात, आणि वहीत आपल्यानंतर कोणी काही लिहिलं आहे का. चौथी सगळ्यात आधी पाहा.